नऊ सेकंदांचं दार

अंतराळात संडासला कसं जातात, या प्रश्नाचं उत्तर मी आजवर चार हजार सहाशे वेळा दिलेलं आहे. आकडा कॉम्प्युटरने काढलेला आहे. मी स्वतः मोजत बसले असते तर केव्हाच राजीनामा दिला असता. लोकांना वाटतं, माणूस ताऱ्यांकडे बघतो तेव्हा त्याच्या मनात फार मोठे विचार येतात. येत नाहीत. माणूस ताऱ्यांकडे बघतो आणि विचारतो, तिथे पोट बिघडलं तर काय करतात?

आमच्या अंतराळ संस्थेत मी जिज्ञासा कक्षात बसते. कक्ष म्हणजे तळमजल्यावरची एक खोली. दोन टेबलं, एक गळका वॉटर कूलर आणि जनरेटरकडे उघडणारी खिडकी. जनरेटर चालू असला की फोनवर ओरडून बोलावं लागतं, त्यामुळे अर्ध्या इमारतीला माहीत असतं की अंतराळात केस कापता येतात आणि शिंकल्याने माणूस मागे उडून भिंतीवर आपटत नाही. पूर्वी मी दुसऱ्या मजल्यावर व्हॉल्व्ह विभागात इंजिनीअर होते. एका बैठकीत मी विचारलं, हा व्हॉल्व्ह कुणी उलटा बसवला तर? पुढच्या महिन्यात मी तळमजल्यावर आले. साहेब म्हणाले, तुम्हाला प्रश्नांची आवड आहे, तुम्ही तिथे शोभाल.

कक्षाचे नियम प्रसिद्धी प्रमुखांनी केलेत. त्यांना आम्ही हसरे साहेब म्हणतो, कारण त्यांचा चेहरा झोपेतसुद्धा फोटोसाठी तयार असतो. त्यांनी बासष्ट तयार उत्तरं लिहून ठेवली आहेत. प्रश्न आला की त्यातलं जवळचं उत्तर निवडायचं, नंबर टाकायचा, दोन दिवसांत पाठवायचं. ‘माहीत नाही’ हे शब्द वापरायचे नाहीत. माणसाने कळवलं की समाधान झालं नाही, तर तेच उत्तर पुन्हा पाठवायचं आणि सोबत उडत्या रॉकेटचं पोस्टर जोडायचं. पोस्टर मिळाल्यावर बहुतेकांची जिज्ञासा भागते.

एका माणसाची भागली नाही. त्यांना मी लिफ्टवाले काका म्हणू लागले, पण ते नंतर. सुरुवातीला ते नुसता एक ईमेल होते. त्या वर्षी आमचं तीन माणसांचं यान दहा आठवड्यांनी उडणार होतं, आणि काकांनी विचारलं होतं, यानाचं दार आतून उघडतं का?

मी उत्तर क्रमांक एक्केचाळीस पाठवलं: ‘होय. यानाचे दार आतून अवघ्या नऊ सेकंदांत उघडते. सुरक्षितता हाच आमचा श्वास आहे.’

दुसऱ्या दिवशी काका पुन्हा हजर. ‘दार उघडून बघितलं तेव्हा आत किती माणसं बसली होती?’

पुन्हा एक्केचाळीस, सोबत पोस्टर.

‘ती माणसं अंतराळातल्या पोशाखात होती का? पट्टे बांधलेले होते का?’

एक्केचाळीस. पोस्टर.

असं अकरा वेळा झालं. बाराव्या वेळी त्यांनी फोनच केला. नंबर पोस्टरच्या तळाशी छापलेला असतो, तो इतक्या बारीक अक्षरांत की वाचायला भिंगच लागावं.

“ताई, पोस्टर छान आहे,” ते म्हणाले. “पण आता घरात भिंत उरली नाही.”

मला हसू आलं. या खोलीत ते फारसं येत नाही. मी म्हटलं, “काका, तुम्हाला नेमकं काय हवंय?”

“मी चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय. अडकलेली माणसं बाहेर काढतो. दर वर्षी एक तपासनीस येतो, रिकाम्या लिफ्टमध्ये शिरतो, अलार्मचं बटण दाबतो, वाजतं, सही करून जातो. मग आठ माणसं भरतात. बटण कुणाच्या तरी पाठीमागे जातं आणि एकाचाही हात वर निघत नाही. मग मला बोलावतात. म्हणून विचारतोय, नऊ सेकंद कुणी मोजले, आणि तेव्हा आत कोण होतं?”

“काका, एवढ्या मोठ्या संस्थेत हे कुणी बघितलं नसेल का?”

“बघितलं असेल तर बघितलं म्हणून लिहा ना. मी पुन्हा एकदाही विचारणार नाही.” मग म्हणाले, “ताई, त्या तिघांतली मधल्या खुर्चीवर बसणारी माझी मुलगी आहे.”

मी म्हटलं, “मग तुम्ही कुटुंब कक्षाकडे का नाही जात? नातेवाइकांसाठी वेगळा विभाग आहे.”

“आधी तिथेच विचारलं. त्यांनी फुलं पाठवली.”

“आणि मुलीला?”

“ती म्हणते, बाबा, तुम्ही तुमच्या लिफ्टचं बघा. कृपा करून माझ्या ऑफिसात काही विचारू नका.”

मी फोन ठेवला. दहा वर्षं या खुर्चीत बसून मी एकाही प्रश्नाचं उत्तर शोधायला उठलेले नव्हते. शोधायची गरजच नसते, बासष्टांतलं एक टाकायचं असतं. त्या दिवशी मात्र डोक्यात तिडीक गेली आणि मी जिना चढून दुसऱ्या मजल्यावर गेले.

दार विभागाचे प्रमुख, म्हणजे दारवाले, यांनी माझं हसतमुखाने स्वागत केलं. त्यांच्या खोलीत यानाचं दार लोखंडी चौकटीत उभं केलेलं होतं. त्यांच्या माणसाने दांडा धरला, फिरवला, ओढला. नऊ सेकंद. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

“आणि आत तिघं बसलेली असताना?” मी विचारलं.

“आत म्हणजे?”

“यानात. खुर्च्यांवर.”

“खुर्च्या आमच्याकडे नसतात,” दारवाले म्हणाले. खुर्च्या ठेवणं त्यांना अपमानाचं वाटत असावं. “खुर्च्यांचं त्या विभागाला विचारा. आमचं दार उघडतं. हे सर्टिफिकेट.”

खुर्च्यांचा विभाग आवाराच्या दुसऱ्या टोकाला आहे. तिथे चार जण शिलाई मशीनवर पट्टे शिवत होते आणि त्यांचे प्रमुख एका खुर्चीवर आडवे पडून फाइल वाचत होते. ते उठले नाहीत. बहुधा तपासणी चालू होती.

“आमची खुर्ची माणसाचं आठपट वजन झेलते,” ते म्हणाले. “हे सर्टिफिकेट.”

“दाराचा दांडा खुर्चीवरून हाताला लागतो का?”

“कसला दांडा?”

मी त्यांच्याच भिंतीवरच्या नकाशात दाखवला. दार तिन्ही खुर्च्यांच्या डोक्यामागे होतं आणि दांडा बरोबर मधल्या खुर्चीच्या उशामागे. खुर्चीवाल्यांनी बराच वेळ नकाशाकडे पाहिलं. मग म्हणाले, “दार आमच्या खुर्चीला घासत नाही ना? मग झालं तर.”

आता उरला सराव. तिघं अंतराळवीर दोन वर्षं यानाच्या हुबेहूब प्रतिकृतीत सराव करत होते, तेव्हा त्यांनी तरी दार उघडलं असेल असं मला वाटलं. मी सराव विभागात गेले. प्रतिकृती खरोखर हुबेहूब होती, फक्त तिच्या एका कुशीला माणूस जाईल एवढं भगदाड पाडून त्याला शिडी लावलेली होती. चढायला-उतरायला सोयीचं पडतं, असं तिथल्या मॅडमनी सांगितलं. दार रोज वापरलं तर झिजतं, म्हणून त्याला सील लावलंय.

“आणि खऱ्या यानात?”

“तिथे काय प्रश्नच नाही. बाहेरचे कर्मचारी बाहेरून लावतात, परत आल्यावर बाहेरून उघडतात.”

“आणि बाहेर कुणी नसलं तर? समुद्रात पडले, आत धूर झाला तर?”

“तर आतून उघडायचं,” मॅडम म्हणाल्या. “नऊ सेकंद लागतात. तुमच्याच वेबसाइटवर आहे की.”

मी परत खाली आले. तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि खरं सांगायचं तर थोडी लाजही वाटत होती, कारण ते नऊ सेकंद अकरा वेळा मीच पाठवले होते. मी काकांचा प्रश्न उघडला. उत्तर क्रमांकांच्या यादीत सगळ्यात खाली ‘इतर’ असा एक पर्याय आहे. तो आजवर कुणी वापरलेला नव्हता. मी तो निवडला आणि लिहिलं: ‘दार उघडून पाहिलं तेव्हा ते यानात बसवलेलं नव्हतं. आत कुणी बसलेलं नव्हतं. तिघं पोशाखात आणि पट्ट्यांत असताना ते आतून उघडतं का, हे आम्हाला माहीत नाही.’ खाली माझं पद लिहिलं आणि हसऱ्या साहेबांची मंजुरी न घेता पाठवून दिलं. नोकरी जाईल, हे मला ठाऊक होतं.

उड्डाणाला आठ आठवडे उरले असताना पत्रकारांचा दिवस आला. मोठ्या हॉलमध्ये दुसरं यान मांडलेलं होतं. हे प्रतिकृतीसारखं भगदाडाचं नव्हतं. उडणाऱ्या यानाचं जुळं भावंडच, खुर्च्या, दार, दांडा सगळ्यासकट. समोर कॅमेरे, पहिल्या रांगेत अंतराळवीरांचे नातेवाईक, आणि मंचावर मोठे साहेब, म्हणजे आमचे संचालक. तिघं अंतराळवीर निळ्या गणवेशात बाजूला उभे होते. मधली काकांची मुलगी, वायुदलातली वैमानिक. ताठ, शांत, नजर समोर.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. पहिल्याच पत्रकाराने संडासचं विचारलं. दुसऱ्याने संडासबद्दलच, पण जरा शास्त्रीय भाषेत. मग पहिल्या रांगेतला एक बुटका, टक्कल पडलेला माणूस उठला. अंगात इस्त्रीचा शर्ट, खिशाला टेस्टर. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते, तरी तोंड उघडण्याआधीच ओळखलं.

काकांनी कागद उलगडला आणि माझं उत्तर वाचून दाखवलं. सावकाश, प्रत्येक शब्द सुटा. ‘आम्हाला माहीत नाही’पाशी आले तेव्हा कॅमेरे त्यांच्याकडे वळलेले होते. हसरे साहेब हसतच होते, पण चेहऱ्याचा रंग उतरला होता. वैमानिक मुलीने डोळे मिटले.

मोठे साहेब मुरलेले गडी. त्यांनी हात पसरले आणि म्हणाले, “अहो, यात काय एवढं! शंका आहे ना? आत्ताच दाखवतो. मी स्वतः बसतो.”

पुढची वीस मिनिटं मोठे साहेब, हसरे साहेब आणि दारवाले यांना पोशाख चढवण्यात गेली. हेल्मेट, हातमोजे, सगळं. मोठे साहेब मधल्या खुर्चीवर, कारण खिडकीतून फोटो तिथलाच चांगला येतो. दारवाले डावीकडे, हसरे साहेब उजवीकडे. पट्टे आवळले गेले, दार बाहेरून लावलं गेलं. एका पत्रकाराने मोठ्याने मोजायला सुरुवात केली आणि हॉलमधले सगळे त्याच्यात सामील झाले. नऊ म्हणताना तर जल्लोषच झाला.

दहा झाले. वीस झाले. साठनंतर मोजणं थांबलं.

खिडकीतून मोठ्या साहेबांचा मोजा घातलेला हात दिसत होता. तो डोक्यावरून मागे जायचा, उशाला लागायचा आणि परत यायचा. दारवाल्यांनी वळून बघितलं, पण त्यांचा खांदा साहेबांच्या हेल्मेटला अडला. हसऱ्या साहेबांनी पट्टा सोडायचा प्रयत्न केला आणि त्यांचं कोपर साहेबांच्या पोटात बसलं. तिसऱ्या मिनिटाला आतून ठोकल्याचा आवाज येऊ लागला.

“बाहेरून उघडा!” कुणी तरी ओरडलं.

बाहेरून उघडायची चावी प्रक्षेपणाच्या तळावर होती. नियमाप्रमाणे ती तिथेच ठेवतात. ती आणायची तर तीन सह्या लागतात, आणि त्यातली एक सही मोठ्या साहेबांची.

एवढ्या गोंधळात लिफ्टवाले काका शांतपणे यानापाशी गेले. दारावर दोन टिचक्या मारल्या, कान लावला आणि रोजच्या आवाजात म्हणाले, “घाबरू नका. मी बाहेर आहे. हवा खेळतेय, गुदमरणार नाही. कुणी ओढाओढी करू नका.” मग मागे वळून विचारलं, “बावीस नंबरचा पाना आहे का कुणाकडे?”

टीव्हीवाल्यांच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे होता. काकांनी बाहेरची चावी बसते त्या चौकोनी खिळीला पाना लावला, अंगाचा भार टाकला आणि दार उघडलं. सहा मिनिटं चाळीस सेकंद. मोठे साहेब बाहेर आले तेव्हा घामाने चिंब झाले होते. समोर पंधरा कॅमेरे होते, आणि काका पाना खाली ठेवून फडक्याने हात पुसत होते.

माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, खोटं कशाला बोलू. पण तेवढ्यात ती मुलगी बापाजवळ आली. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते.

“बाबा, हे काय केलंत?”

“दार उघडत नव्हतं, बाळा.”

“मला माहीत होतं.”

काकांच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. “माहीत होतं?”

“तिघांनाही. सरावाच्या प्रतिकृतीला भगदाड पाडायच्या आधी एकदा करून बघितलं होतं. हात पोचत नाही.”

“मग बोलली का नाहीस?”

“जो बोलतो तो खाली राहतो, बाबा. माझ्या जागेसाठी बाहेर चाळीस जण उभे आहेत. अकरा वर्षं मी याच्यासाठी घालवली. दार उघडायची वेळ शंभरात एकदा येते. मी ती एक वेळ पत्करली होती. तुम्हाला कुणी विचारलं होतं?”

चौतीस वर्षं काकांनी अडकलेल्या माणसांचे आभार घेतले असतील. बाहेर काढल्याबद्दल शिव्या खायची त्यांची ही पहिलीच वेळ असावी.

चौकशी समिती बसली. तिने तीन आठवडे चहा पिऊन निष्कर्ष काढला की दार निर्दोष आहे, खुर्च्या निर्दोष आहेत, फक्त दोघांमधलं अंतर सदोष आहे. कुणाला शिक्षा झाली नाही, कारण अंतराचा विभागच नाही. मलाही काढलं नाही. माझं उत्तर वर्तमानपत्रांत छापून आल्यामुळे मला हात लावायची सोय राहिली नव्हती. दांडा हातभर पुढे आणला, उशी कापली, उड्डाण पाच महिने पुढे ढकललं. आणि मधल्या खुर्चीसाठी दुसऱ्या एका वैमानिकाची निवड झाली. पत्रात लिहिलं होतं की उमेदवाराचं कौटुंबिक वातावरण मोहिमेस अनुकूल नाही. तिला कुठे तरी बसवायला तर हवं होतं. प्रश्नांची घराण्यातच आवड आहे असं बघून मोठ्या साहेबांनी तिला जिज्ञासा कक्षात पाठवलं.

ती रोज बरोबर नऊला येई, माझ्यासमोरच्या टेबलाशी बसे आणि संडासच्या प्रश्नांना उत्तर क्रमांक तीन पाठवत राही. चुकत नसे, उशीर करत नसे. दुपारी काकांचा फोन येई, तो माझ्या फोनवर.

“ताई, जेवली का ती?”

“जेवली.”

“बोलली काही?”

“नाही, काका.”

तिला ते ऐकू जात असे. ती मान वर करत नसे. मी एकदा रागावून म्हटलं, “अगं, बाप आहे तुझा, जिवंत ठेवायला बघत होता.” ती म्हणाली, “मी मरायला निघाले नव्हते. उडायला निघाले होते.” याचं उत्तर बासष्टांत नव्हतं.

यान उडालं, नऊ दिवस फिरलं आणि परत आलं. उतरण्याच्या दिवशी सगळी संस्था हॉलमधल्या मोठ्या पडद्यासमोर जमली होती. आम्ही दोघी खालीच थांबलो, टेबलावरच्या छोट्या टीव्हीसमोर. समुद्र खवळलेला होता. यान पाण्यात पडलं, एका अंगावर कललं. बचाव नौका लांब होत्या. वारा त्यांना पोचू देत नव्हता. आणि मग यानाच्या खिडकीतून धूर दिसला. फार नव्हता. निवेदकाने तर त्याला वाफ म्हटलं.

तिने टीव्हीचा आवाज बंद केला. दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि पुटपुटत मोजू लागली. एक. दोन. तिचा डावा हात आपोआप उचलला गेला, खांद्यावरून मागे गेला, मूठ वळली, फिरली. आठ म्हणताना पडद्यावर दार उघडलं आणि एकामागून एक तिघं पाण्यात उतरले. नारिंगी पोशाखातले तीन ठिपके, तिन्ही हलत होते.

वरच्या मजल्यावर टाळ्या आणि पाय आपटणं चाललं होतं. मोठे साहेब बहुधा भाषणाला उभे राहिले असावेत. मग तिने माझा फोन स्वतःकडे ओढला आणि पाठ असलेला नंबर फिरवला. पहिल्याच घंटीला उचलला गेला. जनरेटर बंद होता, त्यामुळे मला पलीकडचंही ऐकू येत होतं.

“बाबा, बघितलंत?”

“बघितलं.”

“ती मधली खुर्ची माझी होती.”

“हो,” काका म्हणाले. “तुझीच होती.”

त्यांनी समजूत घातली नाही, बघ मी सांगत होतो ना असंही म्हणाले नाहीत. मला वाटलं, आता ही फोन आपटणार. तिने आपटला नाही. टेबलावर डोकं टेकवलं, रिसीव्हर कानाशी तसाच धरला आणि हुंदके देऊन रडायला लागली. पलीकडून काका अधूनमधून नुसतं “आहे मी” म्हणत होते. मी माझा कॉम्प्युटर बंद केला आणि बाहेर जाऊन दार लोटून घेतलं.